पांढऱ्यावर काळे : मराठी अक्षराची मूलद्रव्ये

साहित्याच्या इतिहासात ग्रंथ असतात, ग्रंथकार असतात, संप्रदाय आणि कालखंड असतात; पण ज्या पदार्थांच्या अंगावर हे साहित्य उमटले, त्यांचा उल्लेख फारसा नसतो. एम.ए.च्या वर्गात आपण पोथीची संहिता शिकवतो, शाईचे नाव घेत नाही. निर्णयसागरच्या आवृत्त्यांची थोरवी सांगतो, पण तो खिळा कशाचा होता हे सांगत नाही. हा प्रश्न रसायनाच्या प्राध्यापकांचा म्हणून सोडून देण्याची आपल्याला सवय आहे. मात्र आवर्तसारणी उघडून पाहिली तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. मराठी अक्षर ज्या द्रव्यांनी दोन हजार वर्षे वाहून नेले, त्यांपैकी बहुतेक सारणीतल्या शेजारच्या दोन उभ्या रांगांत बसलेली आहेत. एका रांगेत बोरॉन आणि ॲल्युमिनिअम. दुसरीत कार्बन, सिलिकॉन, जर्मेनिअम, कथील आणि शिसे.

सुरुवात आमच्या इंदिरानगराजवळूनच करता येईल. येथून त्रिरश्मी डोंगर, म्हणजे पांडवलेणी, फार दूर नाही. त्यातील तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध प्राकृत लेख आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. मराठीच्या पूर्वपीठिकेत महाराष्ट्री प्राकृताचा विचार करताना सातवाहनांच्या या लेखांकडे आपण नेहमी वळतो. हा लेख कोरला आहे तो दख्खनच्या बेसाल्टात. या काळ्या दगडाच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग सिलिकॉनचे ऑक्साइड आणि आठव्या हिश्श्याच्या आसपास ॲल्युमिनिअमचे. सिलिकॉनचा अणू चार हातांनी चार ऑक्सिजन धरतो, ते ऑक्सिजन पुन्हा दुसऱ्या सिलिकॉनला धरतात. मधूनमधून सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनिअम येऊन बसते. या जाळ्यामुळे दगड कठीण झाला आणि अक्षर अठराशे वर्षे टिकले. त्याच दगडाच्या पोकळ्यांत झिओलाइट नावाचे सुंदर स्फटिक सापडतात. तेही ॲल्युमिनिअम-सिलिकॉनचेच. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते पाहावेत. पण तो वेगळा विषय.

कोरणाऱ्याच्या हातातील छिन्नीला संस्कृतात ‘टंक’ म्हणतात. त्यावरून आपण ‘टंकलेखन’ हा शब्द घडवला, आणि आज संगणकावर मजकूर चढवण्याला ‘टंकन’ म्हणतो, कोणी ‘टंकण’ असेही लिहितात. गंमत अशी की ‘टंकण’ हे जुन्या वैद्यक आणि रसशास्त्राच्या ग्रंथांत टाकणखाराचे, म्हणजे बोरॉनच्या क्षाराचे नाव आहे. हे दोन शब्द व्युत्पत्तीने एक आहेत असा दावा आम्ही करत नाही. परंतु टाकणखाराचा लेखनाशी संबंध मात्र खरा आहे.

तो संबंध शाईतला. ‘पांढऱ्यावर काळे करणे’ हा वाक्प्रचार आपण थोड्या उपहासाने वापरतो. रसायनाच्या दृष्टीने ते शब्दशः वर्णन आहे. तेलाच्या दिव्याच्या ज्योतीवर भांडे उपडे धरावे, त्यावर जमलेली काजळी खरवडून घ्यावी, डिंकाच्या पाण्यात खूप खलावी, की मसी तयार. काजळी म्हणजे जवळजवळ शुद्ध कार्बन. नेहमीच्या तापमानाला कार्बन कोणाशीच पटकन संयोग पावत नाही. हवा, ऊन, ओल यांनी त्याचा रंग उडत नाही. म्हणून महानुभावांच्या जुन्या पोथ्यांतील अक्षर कागद पिवळा पडला, कडा झिजल्या, तरी काळेभोर राहते. याउलट लोहाचे क्षार आणि मायफळ यांपासून केलेली युरोपीय शाई आम्लधर्मी. ती कालांतराने तपकिरी होते आणि कागदालाच खाते. डिंकाच्या मसीचा एकच दोष, पाणी लागले की ती पसरते. त्यावर लाखेच्या शाईचा उपाय होता. लाख साध्या पाण्यात विरघळत नाही. टाकणखार घातलेल्या उकळत्या पाण्यात विरघळते, कारण टाकणखाराचे द्रावण अल्कधर्मी असते. हा रस काजळीत खलला की वाळल्यावर अक्षरावर लाखेचे पातळ कवच बसते. हा टाकणखार हिमालयापलीकडच्या तिबेटी सरोवरांकाठून व्यापाऱ्यांमार्फत खाली येई. म्हणजे गोदाकाठच्या एखाद्या पोथीतील ओल न लागलेल्या ओळीमागे तिबेटचे सरोवर असू शकते.

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसे काढावे, ओळी कशा राखाव्या, बोरू आणि शाई कशी जमवावी, हे रामदास एखाद्या कारखानदाराच्या बारकाईने सांगतात. आपल्याकडे हा समास सुलेखनाचे सुभाषित म्हणून वाचला जातो. तो सामग्रीची यादी म्हणूनही वाचावा. त्या यादीत रेखाटणीच्या साधनांबरोबर शिशाच्या लोळ्यांचाही उल्लेख येतो. शिसे इतके मऊ की कागदावर ओढले तर करडी रेघ उमटते. कागद आखण्यासाठी ते जगभर वापरले जाई.

येथे ‘शिसपेन्सिल’ या शब्दाचे कोडे सुटते. शिसपेन्सिलीत शिसे नसते, हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तिच्यातील ग्राफाइट म्हणजे कार्बनच. सोळाव्या शतकात इंग्लंडात बॉरोडेल येथे त्याची खाण सापडली, तेव्हा रेघ उमटते म्हणून लोकांनी त्याला शिशाचाच एक प्रकार मानले. हा शिशाचा नव्हे, कार्बनचा अवतार आहे हे शेले या रसायनज्ञाने १७७९ मध्ये दाखवले. तोपर्यंत नाव रूढ झाले होते आणि इंग्रजीतून ते मराठीत आले. ग्राफाइटमध्ये कार्बनचे अणू पत्र्यांसारख्या थरांत असतात. थरातील बंध बळकट, थराथरांतील सैल. म्हणून कागदावर घासले की थर सुटून येतात. तोच कार्बन चारही दिशांना घट्ट बांधला गेला की हिरा होतो.

आता खिळा. मराठी मुद्रणाच्या इतिहासाचे पहिले पान तांबटाचे आहे, हे नाशिककरांनी तरी विसरू नये. नाना फडणविसांच्या प्रेरणेने पुण्यात एका तांबटाकडून तांब्यावर देवनागरी गीता कोरून घेण्याचे काम सुरू झाले होते. नाना १८०० मध्ये वारल्यावर मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांनी ते पुढे नेले आणि १८०५ मध्ये गीता छापून घेतली. त्याच वर्षी श्रीरामपुरात केरीचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. एका बाजूला सलग कोरलेले पान, दुसऱ्या बाजूला सुटे अक्षर. तांब्याच्या पत्र्यावरची चूक दुरुस्त करणे जिकिरीचे, आणि तो पत्रा दुसऱ्या ग्रंथाला निरुपयोगी. सुटे अक्षर पुन्हा पुन्हा जुळवता येते. इतिहास सुट्या अक्षराच्या बाजूने गेला, आणि त्याला धातू हवा होता शिसे.

नुसते शिसे चालत नाही. ते ३२७ अंशांना वितळते ही सोय, पण ते इतके मऊ की दाबयंत्राखाली अक्षर चेपते. म्हणून त्यात अँटिमनी घालतात. हे शेजारच्या रांगेतले मूलद्रव्य. त्याने मिश्रण कठीण होते आणि निवताना आकसणे कमी होते, त्यामुळे साच्यातील बारीक वळणे तशीच उतरतात. तिसरे कथील. ते २३२ अंशांना वितळते. त्याने रस पातळ होऊन कानाकोपऱ्यांत शिरतो आणि खिळा ठिसूळ राहत नाही. हेच कथील आपल्या घरांत कल्हईच्या रूपाने आले होते. नाशिकची तांब्यापितळेची भांडी एकोणिसाव्या शतकातही नावाजलेली होती. आतून कथलाचा पातळ थर दिल्याशिवाय त्यांत आंबट पदार्थ ठेवता येत नसे. कल्हईवाला आणि ओतारी एकाच धातूवर पोट भरत होते, एक स्वयंपाकघरात, एक छापखान्यात.

पोलादी ठशावर अक्षर उलटे कोरायचे, तो ठसा तांब्यावर ठोकून साचा करायचा, त्यात रस ओतायचा. या तांब्याच्या साच्याला मराठीत ‘मातृका’ म्हणतात. वर्णमालेलाही आपल्या परंपरेत मातृकाच म्हणतात. परिभाषा घडवणाऱ्याला हा शब्द सुचला तो क्षण भाग्याचा म्हटला पाहिजे. अलीकडच्या पारिभाषिक संज्ञांविषयी असे म्हणवत नाही.

जावजी दादाजी (१८३९–१८९२) पोरवयात मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामाला लागले. १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा अक्षरओतकामाचा कारखाना काढला, १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. त्यांचे स्नेही राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या ठशांनी देवनागरीला जे देखणेपण दिले, त्याची छाया पुढे देशभरच्या संस्कृत ग्रंथांवर पडली. त्याच १८६९ मध्ये रशियात मेंडेलेव्हने आपली आवर्तसारणी प्रसिद्ध केली. हा योगायोग आहे, अधिक काही नाही. पण त्याला एक शेपूट आहे. सारणीतल्या रिकाम्या जागांना तात्पुरती नावे देताना मेंडेलेव्हने १८७१ मध्ये संस्कृत ‘एक’ हा उपसर्ग वापरला. एक-बोरॉन, एक-ॲल्युमिनिअम, एक-सिलिकॉन ही ती नावे. यातील एक-ॲल्युमिनिअम १८७५ मध्ये गॅलिअम म्हणून सापडले, एक-सिलिकॉन १८८६ मध्ये जर्मेनिअम म्हणून, आणि दोघांनाही आपल्याच दोन रांगांत जागा मिळाली.

देवनागरीला खिळे फार लागत. काना, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरे मिळून शेकडो. जुळारी केसेसमोर दिवसभर उभा राहून ते वेचत असे, आणि छपाई झाली की एकेक खिळा पुन्हा ज्याच्या त्याच्या घरात टाकत असे. लिपीसुधारणेचे वाद आपण संस्कृतीचे वाद म्हणून शिकवतो. त्यांच्या मुळाशी जुळाऱ्याच्या हाताची ही यातायात होती. टिळकांनी केसरीसाठी अक्षरसंच आटोपशीर करण्याचा खटाटोप केला तो यासाठीच. मुंबईच्या शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) यांचे ‘भिसोटाइप’ हे अक्षर ओतणारे यंत्र त्याच काळातले.

या धातूची दुसरी बाजू वाङ्मयेतिहासात कोठेही नोंदलेली नाही. शिसे शरीरात गेले की सहजासहजी बाहेर पडत नाही. त्याचे वर्तन कॅल्शिअमसारखे असल्याने ते हाडांत साठते. रक्त फिके पडते, पोटात कळा येतात, मज्जातंतू दुबळे होऊन मनगट लुळे पडू शकते. ओतकाम करणाऱ्याला वाफ आणि धूळ, जुळाऱ्याला बोटांवरून घासात जाणारा अंश. १९४८ च्या कारखाना कायद्यात ज्या व्यवसायजन्य रोगांची खबर देणे बंधनकारक केले, त्यांच्या यादीत शिशाची विषबाधा पहिली आहे. आमच्या मते निबंधमालेपासून साठोत्तरी अनियतकालिकांपर्यंतच्या गद्याचा हिशेब मांडताना या बोटांनाही जागा हवी. लेखकाच्या दारिद्र्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. त्याचे अक्षर जुळवणाऱ्याच्या रक्तातल्या शिशावर नाही. श्रमजीवी साहित्याचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी छापखाने चालू असतानाच जुळाऱ्यांच्या मुलाखती घ्यायला हव्या होत्या. अजूनही काही वृद्ध जुळारी गावोगाव सापडतील.

शिशाचे राज्य संपवले ते ॲल्युमिनिअमने. ऑफसेट छपाईत ॲल्युमिनिअमचा पातळ पत्रा वापरतात. हवेत या धातूवर आपोआप ऑक्साइडचा घट्ट थर येतो. विजेच्या साहाय्याने तो जाड करतात. हा थर पाणी धरून ठेवतो. प्रकाशसंवेदी लेपाने जेथे मजकूर उमटवलेला असतो तेथे पाणी ठरत नाही, तेलकट शाई ठरते. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापले ती शिळाछापाची रीत मुळात हीच. चुनखडीच्या दगडाची जागा पत्र्याने घेतली, इतकेच. हा धातू निघतो बॉक्साइटपासून. पावसाने दगडातील सिलिका धुऊन नेली की मागे उरते ती ही माती. कोल्हापूर जिल्ह्यात दुर्गमानवाडच्या सड्यावर तिच्या खाणी आहेत आणि बेळगावला १९७० च्या सुमारास सुरू झालेला तिचा कारखाना. १९७०-८० च्या दशकांत मराठी वृत्तपत्रे या पत्र्यावर येऊ लागली.

मजकूर जुळवण्याचे काम मग सिलिकॉनकडे गेले. शुद्ध सिलिकॉन वीज जवळजवळ वाहू देत नाही. त्याला बाहेर चार इलेक्ट्रॉन. त्याच्या जाळ्यात तीन इलेक्ट्रॉनांचा बोरॉन लक्षावधी अणूंमागे एखादा मिसळला, की एका बंधात जागा रिकामी राहते आणि त्या रिकाम्या जागेच्या आधाराने वीज सरकते. शाईत लाख विरघळवणारा बोरॉन येथे असा परततो. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम केले, आणि १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला.

या स्थित्यंतरात मराठीच्या एका अक्षराची परीक्षा झाली. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांत अर्थाचा फरक आहे. पहिला गुरू, दुसरा स्वयंपाकी. दुसऱ्यातील आडव्या रफारासाठी जुळाऱ्याच्या केसमध्ये वेगळा खिळा असे. हिंदीला त्याची गरज नसल्याने संगणकाच्या सुरुवातीच्या अनेक फाँटांत ते चिन्ह नीट उमटत नसे, आणि मराठी मजकुरात ‘दर्‍या’, ‘सुर्‍या’ भलत्याच रूपात दिसत. युनिकोडमध्ये नुक्ता दिलेल्या ‘ऱ’ला हलंत जोडून ते साधता येते. तोवर बंद पडलेल्या छापखान्यांतले खिळे वजनावर भंगारात गेले होते. वितळलेल्या भंगार शिशाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक मोटारींच्या बॅटऱ्यांचा धंदा. त्या आडव्या रफाराचे खिळेही त्याच भट्टीत गेले असणार.