उंबरठ्याचा हक्क

भाड्याने दिलेले घर कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न सोपा आहे. त्या घरात पाऊल टाकण्याचा अधिकार कोणाचा, हा तितका सोपा नाही. घरमालक म्हणतो, भिंती माझ्या. बिऱ्हाडकरू म्हणतो, भिंतींच्या आतला संसार माझा. दोघेही खरे बोलतात, आणि म्हणूनच मधला उंबरठा कोणाचा हे ठरविण्यास आपल्याकडे फार काळ लागला आहे.

भाडेकरू आणि मालक यांचे भांडण मात्र पुरातन आहे. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रात, नको म्हटल्यावरही राहणाऱ्या भाडेकरूस आणि भाडेकरूला अकारण बाहेर काढणाऱ्या मालकास सारखाच, म्हणजे १२ पणांचा, दंड सांगितला आहे. उजेडासाठी ठेवावयाची खिडकी लहान व उंचावर असावी, असेही तेथे म्हटले आहे. परंतु पहिला दंड राहण्या-काढण्याचा आहे, येण्या-जाण्याचा नव्हे. आणि खिडकीची काळजी शेजाऱ्यासाठी आहे.

येण्या-जाण्याचे नियम रूढीने घालून दिले. पंचगंगेच्या काठचे पटवर्धनांचे कुरुंदवाड किंवा त्यांचीच सांगली-मिरज घ्या. अशा संस्थानी गावांतील वाड्यांत मालकाचे कुटुंब माजघरात आणि बिऱ्हाडकरू सोप्यात किंवा माडीवर, अशी मांडणी असे. आड एकच, परसदार एकच, दिंडीदरवाजाची कडीही एकच. मालकीणबाईंना बिऱ्हाडकरूंच्या मुलांनी काकू म्हणावयाचे. अशा दाटीत एकांत तो कसला, असे आजच्या वाचकास वाटेल. तथापि तो होता, आणि पडद्याच्या एका कापडावर तो उभा होता. पुरुषमाणसाने पायरीखाली थांबावे, खाकरावे, हाक द्यावी, आतून उत्तर आल्यावाचून पुढे जाऊ नये, हे कोणत्याही भाडेचिठ्ठीत लिहिलेले नसे. पण ते मोडणाऱ्याची गावात शोभा होई. ह्या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा मात्र माझा हेतू नाही. त्याच वाड्यात जातीची चौकशी झाल्याखेरीज बिऱ्हाड मिळत नसे, आणि बिऱ्हाडकरूच्या चुलीवर काय शिजते हे काकूंना ठाऊक असे.

इंग्रजी कायदा आला तो ह्या रूढीवर. १८६० च्या दंडसंहितेने गृह-अतिक्रमणाची कसोटी मालकीवर न ठेवता ताब्यावर ठेवली: दुसऱ्याच्या ताब्यातील घरात त्याला धमकावण्याच्या, अपमानण्याच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूने जो शिरेल तो गुन्हेगार, मग घर त्याच्या मालकीचे का असेना. ही कसोटी मला फार मार्मिक वाटते. कुरुंदवाडात महापुराचे पाणी चढू लागले, जसे ते २०१९ च्या ऑगस्टात चढले, आणि परगावी गेलेल्या बिऱ्हाडकरूचे सामान माळ्यावर टाकण्यासाठी मालकाने कुलूप तोडले, तर त्याला अतिक्रमण म्हणता येणार नाही. तोच मालक थकलेल्या भाड्यासाठी रात्री दार ढकलून आत आला, तर म्हणता येईल. दार तेच, हेतू निराळा. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हेच तत्त्व कायम आहे.

पुढे १८८२ साली दोन कायदे झाले. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा मुंबई इलाख्यास १८९३ पासून लागू झाला. त्याचे १०८ वे कलम भाडेकरूला निर्वेध उपभोगाचे अभिवचन देते, आणि त्याच दमात मालकास व त्याच्या माणसांस सर्व योग्य वेळी आत येऊन घराची स्थिती पाहण्याचा अधिकार देते. करारात निराळे ठरले, तर दोन्ही गोष्टी बदलू शकतात. योग्य वेळ कोणती, हे कलम सांगत नाही. दुसरा कायदा ईझमेंटचा, म्हणजे सुविधाधिकाराचा. तो आपल्याकडे १८९१ मध्ये आला. एखाद्या गावी तशी रूढी असेल, तर शेजाऱ्याच्या घराचा खाजगी भाग दिसेल अशी नवी खिडकी पाडता येणार नाही, असे उदाहरण त्याच्या १८ व्या कलमाखाली दिले आहे. म्हणजे शेजाऱ्याच्या नजरेला कायद्याने अडविले; मालकाच्या पावलाला मात्र केवळ वेळ पाहावयास सांगितले.

त्याच दशकात आपल्या घरांच्या उंबरठ्यावर फार मोठा घाला पडला. गरिबाच्या झोपडीत वारा शिरेल, पाऊस शिरेल, पण इंग्लंडचा राजा शिरू शकणार नाही, ही थोरल्या पिटची उक्ती आपल्या शाळा-कॉलेजांतून शिकविणाऱ्यांच्याच राज्यात, १८९७ च्या मार्चपासून, पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोजीर माजघरापर्यंत गेले. त्याच वर्षीच्या ४ फेब्रुवारीस झालेल्या साथरोग कायद्याचा त्यांना आधार होता. रँडच्या वधाची हकीकत सर्वांस ठाऊक आहे. मला येथे गोखल्यांची आठवण होते. विलायतेत असताना त्यांनी सोजिरांच्या अत्याचारांचा जाहीर उच्चार केला. परत आल्यावर पुरावा मागण्यात आला, तेव्हा पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणी पुढे येईना, आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. उंबरठ्याच्या आत घडलेल्या गोष्टीला साक्षीदार आणावयाचा कोठून? जे झाकण्यासाठी घर असते, तेच उघडे करून न्याय मागावयाचा, हे त्या कुटुंबांना अन्यायाहून जड वाटले असेल.

बिऱ्हाडकरूची अडचण नेमकी हीच आहे, फक्त लहान प्रमाणावर. दुसरी किल्ली मालकाजवळ असते. आपल्या गैरहजेरीत कोणी येऊन गेले, हे जागेवरून हललेल्या वस्तूवरून कळते. सिद्ध करता येत नाही.

भाडेनियंत्रणाचे कायदे, म्हणजे मुंबईचा १९१८ चा युद्धकालीन आणि पुढे १९४७ चा, भाड्याची मर्यादा व घर खाली करण्याची कारणे यांतच मुख्यतः गुंतले होते, आणि घरटंचाईच्या दिवसांत ते स्वाभाविक होते. १९४८ च्या मार्चमध्ये कुरुंदवाड संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या २८ व्या कलमात आपली जुनी हाक एकदाची छापली गेली: मालकाने आगाऊ सूचना देऊन, योग्य वेळी, जागेची पाहणी करावी. ती किती आगाऊ, हे तेथे नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मान्य केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात २४ तासांची मुदत आहे. पण तो केवळ नमुना असून, राज्याने स्वीकारल्याशिवाय बंधनकारक होत नाही.

दरम्यान भाडेकरू हा शब्दच मागे पडत चालला आहे. शहरांत बहुतेक घरे आता ११ महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’वर दिली जातात. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवानाधारक जागेत राहत होते, त्यांना कायद्याने भाडेकरू करून घेतले. त्यानंतर आलेल्यांना ते भाग्य लाभले नाही. आणि ह्या परवान्याची व्याख्या आहे कोठे? १८८२ च्या त्याच ईझमेंटच्या कायद्यात, ५२ व्या कलमात. परवान्याने जागेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही, असे ते कलम सांगते. १०८ व्या कलमातील निर्वेध उपभोगाचे अभिवचन भाडेपट्टेदाराला आहे, ह्याला नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला, परंतु तो मुख्यतः सरकारविरुद्ध चालणारा हक्क आहे. परवानाधारकाच्या पदरी राहते ते २८ व्या कलमातील आगाऊ सूचनेचे वाक्य, ज्यात त्याचा नावाने उल्लेख आहे, आणि करारपत्रात त्याने सहीपूर्वी मागून घातलेली एखादी ओळ. ती ओळ मागणारे थोडे असतात. घर हातचे जाईल ह्या भीतीने पुष्कळजण करार पुरता वाचीतही नाहीत.