१८७२चा महापूर : खानदेशातील मातीची घरे का कोसळली?

१/ पारोळ्याच्या पश्चिमेस पांझरा, पूर्वेस गिरणा. १८७२ साली या दोन्ही नद्यांना महापूर आला. एकट्या धुळे शहरातील ५०० घरे वाहून गेली. १५२ गावांची हानी झाली. सुमारे १६ लाख रुपयांची मालमत्ता नष्ट झाली.

२/ इतकी घरे कशी गेली? खानदेशातील सामान्य घर कच्च्या मातीच्या भिंतींचे. वर मातीचेच जड धाबे. उन्हाळ्यात गारवा देणारे हे धाबे पुरात काळ ठरे. पायथ्याशी पाणी मुरून भिंत विरघळली, की सारा भार घरातल्यांवर येई.

३/ म्हणून पुराची खरी तयारी घर बांधतानाच करावी लागे: वस्तीसाठी उंचवट्यावरची ‘पांढरी’, भिंतीखाली दगडी जोते, पावसाळ्याआधी धाब्याची डागडुजी.

४/ पाणी ओसरले तरी धोका सरत नसे. बाहेरून सुकलेली भिंत आतून ओलीच असते. घाईने परतणाऱ्यावर ती कोसळू शकते. भिजलेल्या धान्याला कोंब फुटतात, बियाणेही हातचे जाते.

५/ त्या पुराने हजारावर माणसे उद्ध्वस्त झाली. अनेकांचे सर्वस्व गेले. पूर सर्वांच्या दारी सारखाच येतो. परंतु ज्याला दगडी जोते परवडत नसे, त्याचे घर आधी पडे.