दिवाळी आणि दिवाळे

गेल्या साली लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी एका विद्यार्थ्याचे वडील घरपट्टीची नोटीस घेऊन माझ्याकडे आले. ती वाचून दाखवताच त्यांनी विचारले, "गुरुजी, दिवाळे काढले तर घर वाचेल का?" सणाच्या तोंडावर असा प्रश्न! पण त्याने मला इतिहासात नेऊन सोडले.

दिवाळी आणि दिवाळे या दोन्ही शब्दांचे मूळ दिव्यातच, असे पुष्कळ लोक सांगतात. पेढी बुडाली की व्यापारी दुकानात भर दिवसा दिवा लावी. तो पाहून सावकार समजत, याच्याकडे आता काही उरले नाही.

शेतकऱ्याला मात्र असा दिवा लावण्याची सोय नव्हती. १८१८ साली खानदेशात इंग्रजी अंमल आला. पुढे रोख शेतसारा आला, सारा भरण्यासाठी सावकार आला, आणि सावकाराच्या मागोमाग दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा आला. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत कुणब्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, तेव्हा कोठे सरकारचे डोळे उघडले. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने कर्जापायी होणारी कैद बंद केली आणि शेतकऱ्याला नादारीचा मार्ग दिला. पण तो कायदा प्रथम पुणे, नगर, सोलापूर, सातारा या चारच जिल्ह्यांपुरता होता. आमचा खानदेश त्या पंगतीत नव्हता.

पुढे १९०८ च्या दिवाणी संहितेने शेतकऱ्याचे राहते घर जप्तीतून वगळले. १९७६ साली त्यात मजूर व घरगडी यांचीही भर पडली. १९२० च्या नादारी कायद्यानेही असे घर रिसीव्हरच्या हाती जाऊ दिले नाही. म्हणजे घर गहाण नसेल, तर सावकारापासून त्याला कवच मिळाले.

परंतु हे कवच सरकारपुढे पातळ आहे. त्याच १९२० च्या कायद्यात नादाराच्या मालमत्तेच्या वाटपात सरकारचे व स्थानिक संस्थेचे देणे पहिल्या पंगतीला बसते. नादारीतून मुक्तीचा हुकूम मिळाला, तरी सरकारी देणे अंगावर उरतेच. अमेरिकेत मात्र लिलावापूर्वी कोर्टात गेल्यास वसुली थांबते आणि थकलेला घरकर तीन ते पाच वर्षांच्या हप्त्यांनी फेडता येतो.

मग आपल्याकडे उपाय काय? थकबाकी जमीन महसुलासारखी वसूल होऊन घराचा लिलाव झालाच, तर १९६६ च्या महसूल संहितेत ३० दिवसांची मुदत आहे. तेवढ्या दिवसांत थकबाकी भरावी, खरेदीदारासाठी बोलीच्या रकमेवर शेकडा ५ ठेवावेत आणि लिलाव रद्द करून घ्यावा.

मी त्या गृहस्थांना म्हटले, "दिवाळे काढून सावकार थांबेल, घरपट्टी थांबणार नाही. उद्याच कचेरीत जा, हप्ते मागा आणि प्रत्येक पावती जपून ठेवा."

पाडव्याला ते पुन्हा आले. हातात पहिल्या हप्त्याची पावती होती. त्यांच्या ओट्यावर त्या संध्याकाळी पणत्या लागल्या होत्या. तो दिवा दिवाळ्याचा नव्हता, दिवाळीचा होता.