रेंज रोव्हर म्हातारी होते तेव्हा

आज उद्योगपतींच्या आणि सिनेमातल्या ताऱ्यांच्या पोर्चमध्ये जी गाडी उभी दिसते, तिचं पहिलं मॉडेल आतून पाण्याच्या नळीने धुता यावं असं बनवलं होतं. १९७० सालच्या रेंज रोव्हरमध्ये चामड्याच्या सीट नव्हत्या, लाकडाच्या चकचकीत पट्ट्या नव्हत्या. विनाइलच्या सीट, प्लॅस्टिकचा डॅशबोर्ड आणि खाली रबरी मॅट. चिखलाचे बूट घालून बसा, संध्याकाळी नळी लावा, काम संपलं.

हा इतिहास सांगायचं कारण एक प्रश्न आहे. फौजी माणसाला जीपगाड्यांतलं सगळं कळतं, असा लोकांचा समज असतो. त्यामुळे सुट्टीवर गेलं की कुणीतरी विचारतंच : "पंधरा-वीस वर्षांची रेंज रोव्हर मिळतेय, नव्या छोट्या गाडीच्या भावात. घ्यावी का?" याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही. ही गाडी कशी घडली आणि कशी बदलत गेली ते पाहिलं, की उत्तर आपोआप समोर येतं.

सुरुवात दुसऱ्या महायुद्धानंतरची. रोव्हर कंपनीचे मुख्य अभियंता मॉरिस विल्क्स आपल्या शेतावर युद्धातली एक जुनी अमेरिकन विलिस जीप वापरत. ती झिजल्यावर तिच्या जागी काय घ्यायचं, या विचारातून लँड रोव्हर जन्माला आली. ३० एप्रिल १९४८ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ती जगासमोर आली. तेव्हा ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती, म्हणून बॉडीला ॲल्युमिनियम मिश्रधातूचे पत्रे आणि खाली पोलादी चासी असा मेळ घातला गेला. पत्रे सपाट, वळणं सोपी, पाट्यांच्या स्प्रिंगा. बहुतेक सगळं पान्याने उघडणारं आणि डोळ्यांना दिसणारं.

त्यानंतर २२ वर्षांनी, जून १९७० मध्ये, चार्ल्स स्पेन्सर किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेंज रोव्हर आणली. दोन दरवाजे, चारही चाकांना कायम ताकद, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि ३.५ लिटरचं ॲल्युमिनियमचं व्ही-८ इंजिन, जे मुळात अमेरिकेतल्या ब्यूकचं होतं. सर्वांत मोठा बदल मात्र स्प्रिंगांचा. पाट्यांच्या जागी लांब चालीच्या कॉइल स्प्रिंगा आल्या.

जोंग्याच्या मागच्या बाकावर बसून ज्याने दगडी रस्ता कापला आहे, त्याला या बदलाची किंमत सांगावी लागत नाही. पण कॉइल स्प्रिंगेचा फायदा फक्त बसणाऱ्याच्या पाठीला झाला नाही. चाक जास्त खाली-वर जाऊ शकलं की ते जमिनीला धरून राहतं, आणि जमिनीला धरलेलं चाकच गाडी पुढे ढकलतं. म्हणजे हा आराम कामाचा आराम होता. त्याने गाडी जास्त चांगली चालली आणि त्यात बिघडण्यासारखं नवं काही आलंही नाही. कॉइल स्प्रिंग म्हणजे शेवटी एक वाकवलेली सळई.

या गाडीची पहिली मोठी परीक्षा फौजेनेच घेतली. डिसेंबर १९७१ मध्ये ब्रिटिश लष्कराचे सॅपर अधिकारी मेजर जॉन ब्लॅशफोर्ड-स्नेल यांच्या नेतृत्वाखाली दोन रेंज रोव्हर अलास्कातून निघाल्या. दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत जायचं होतं. वाटेत पनामा आणि कोलंबियाच्या मध्ये दारिएनचं जंगल. तिथे रस्ताच नाही, नुसती दलदल, नद्या आणि झाडी. सुमारे ४०० किलोमीटरचा तो टप्पा पार करायला शंभरेक दिवस लागले.

त्या जंगलात गाड्यांची मागची डिफरन्शिअल फुटली. दलदलीसाठी लावलेले मोठे रुंद टायर आणि गाडीवरचा बोजा, असा दुहेरी ताण त्यांना सोसवला नाही. इंग्लंडहून कंपनीचा अभियंता आला, सुटे भाग विमानाने आले, गाड्या उघडल्या, दुरुस्त झाल्या आणि पुढे निघाल्या. वाट काढायला पुढे होती पनामात विकत घेतलेली एक जुनी, साधी लँड रोव्हर. जून १९७२ मध्ये मोहीम दक्षिण टोकाला पोहोचली.

कंपनीच्या जाहिरातीसाठी ही विजयगाथाच होती. फौजी नजरेने मला त्यात दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. गाडी मोडली, पण काय मोडलंय ते जंगलात कळलं आणि जंगलातच बदलता आलं. भरवशाची गाडी म्हणजे कधीच न मोडणारी गाडी नव्हे, तशी गाडी अजून कुणी बनवलेली नाही. मोडल्यावर जिथे आहे तिथे उभी करता येते, ती भरवशाची.

पुढे गाडीचं नाव वाढलं. १९७९ ची पहिली पॅरिस-डाकार शर्यत मोटारींमध्ये रेंज रोव्हरनेच जिंकली, १९८१ मध्ये पुन्हा जिंकली. त्याच सुमारास गिऱ्हाईक बदलू लागलं. शेतकरी आणि सर्वेक्षक मागे पडले, शहरातला श्रीमंत माणूस पुढे आला. १९८१ मध्ये चार दरवाजे आले, १९८२ मध्ये ऑटोमॅटिक गिअर, पुढे पेट्रोल इंजेक्शन, चामडं, लाकूड, एबीएस. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हवेचं सस्पेन्शन आलं, म्हणजे कॉइल स्प्रिंगेच्या जागी रबराच्या हवा भरलेल्या पिशव्या. पहिल्या पिढीचं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. त्याआधीच, १९९४ मध्ये, दुसरी पिढी बाजारात आली होती, आणि तिचा बराचसा कारभार इलेक्ट्रॉनिक्सच्या हाती होता.

हवेचं सस्पेन्शन नीट समजून घेतलं तर म्हाताऱ्या आलिशान गाडीचं सगळं दुखणं समजतं. चार पिशव्या, एक कॉम्प्रेसर, एक टाकी, व्हॉल्व्हचा ठोकळा, उंची मोजणारे सेन्सर आणि या सगळ्यांना हुकूम देणारा संगणक. नवं असताना गाडी तरंगते. पण रबर किलोमीटरने म्हातारं होत नाही, ते वर्षांनी होतं. गाडी शेडमध्ये उभी असली तरी त्याला बारीक चिरा पडतात आणि हवा हळूहळू गळते. गळती भरून काढायला कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, तापतो, त्याचं सील झिजतं. म्हणजे वेळेवर न बदललेली एक पिशवी कॉम्प्रेसरलाही घेऊन जाते. शेवटी एका सकाळी गाडी एका कोपऱ्यावर बसलेली दिसते. मालक म्हणतो, "अचानक बिघडली." खरं तर ती कित्येक महिने सांगत होती.

बॉडीचंही तसंच. ॲल्युमिनियम गंजत नाही, असं विकणारा छातीठोकपणे सांगतो. पहिल्या पिढीच्या रेंज रोव्हरमध्ये वरचे बहुतेक पत्रे ॲल्युमिनियमचे असले तरी आतला सांगाडा पोलादाचा आहे. दोन धातू टेकतात तिथे ओल राहिली की ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखं झिजतं, आणि आतलं लोखंड आपल्या गतीने गंजतच राहतं. बाहेरून गाडी लख्ख, आणि दाराखालची पट्टी, मागची फरशी, मागचं दार आतून पोखरलेलं. म्हणून अशी गाडी बघताना बॉनेटकडे पाहून खूश होऊ नये. मॅट उचलून हाताने चाचपावं, गाडीखाली झोपून बघावं.

इंजिनचं पाणी हा तिसरा मुद्दा, आणि आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित. लडाखमध्ये कूलंट पाणी गोठू नये म्हणून घालतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यात गंजरोधक रसायनंही असतात, म्हणून चेन्नईच्या उकाड्यातही ते तितकंच लागतं. ॲल्युमिनियमच्या इंजिनात वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलं तर आतल्या वाटा झिजतात, गाळाने अरुंद होतात, इंजिन तापतं आणि हेड गॅस्केट उडतं. काही लिटर कूलंट वाचवून अख्खं इंजिन घालवायचा हा सोपा मार्ग आहे.

आता फौजेच्या गाड्यांकडे वळू. जोंगा म्हणजे मूळची निसान पेट्रोल, जबलपूरच्या कारखान्यात १९६९ ते १९९९ अशी तीस वर्षं बनली. जवळजवळ चार लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, पाट्यांच्या स्प्रिंगा, तहान भयंकर. त्यानंतरची मारुती जिप्सी हलकी, चपळ, आणि तीही पाट्यांवरच. दोघींत आराम नावापुरता. तरीही त्या सीमेवरच्या चौक्यांवर वर्षानुवर्षं का टिकल्या? साधेपणा हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं म्हणजे एमटी पार्कातली शिस्त.

फर्स्ट परेड, हॉल्ट परेड, लास्ट परेड. गाडी निघण्याआधी, वाटेत थांबल्यावर आणि परत आल्यावर, ड्रायव्हरने ठरलेल्या गोष्टी बघायच्याच. तेल, पाणी, टायरमधली हवा, पट्टा, बॅटरी, नट, आणि उभ्या होत्या त्या जागेवर पडलेला डाग. यात हुशारी काहीच नाही. रोज तेच बघणाऱ्याला काल नव्हता तो डाग आज दिसतो, एवढंच. रात्री दोन वाजता बर्फातून आजारी जवानाला खाली आणायचं असतं, तेव्हा गाडी सुरू होते ती त्या रात्रीच्या कौशल्यामुळे नाही. आदल्या शंभर सकाळी कुणीतरी कंटाळा न करता बॉनेट उघडलेलं असतं, म्हणून ती सुरू होते.

नागरी जगात हीच गोष्ट सर्वांत सुंदर दिसली ती उत्तर बंगालच्या पोस्टिंगमध्ये, दार्जिलिंग जिल्ह्यातल्या मानेभंज्यांगला. नेपाळच्या सीमेवरच्या या गावातून ३,६३६ मीटर उंचीच्या संदकफूपर्यंत १९५० च्या दशकातल्या लँड रोव्हर प्रवासी घेऊन चढत आल्या आहेत. एका दाजूला मी विचारलं, गाडी किती जुनी? तो हसला. म्हणाला, "साब, कुठला भाग ते आधी सांगा." चासी त्याच्या वडिलांच्या काळातली, बऱ्याच गाड्यांप्रमाणे इंजिन महिंद्राचं डिझेल, आणि बाकी जे मिळेल, जे बसेल ते. पण प्रत्येक नट त्याच्या हाताखालून गेलेला. त्याच्या घरची चूल त्या गाडीवर पेटत होती, म्हणून तिची सेवा हा त्याचा छंद नव्हता, ती रोजची भाकरी होती.

दाजूने केलं ते आलिशान गाडीला जमेल का? पूर्ण नाही. संगणकाला जुगाड चालत नाही. पण म्हणून म्हातारी रेंज रोव्हर टाकाऊ ठरत नाही. तिला पाना लागतो तसा तिची भाषा वाचणारा संगणकही लागतो, आणि ती वाचता येणारा माणूस लागतो. गाडीची किंमत वर्षागणिक घसरते, पण तिच्या सुट्या भागांची घसरत नाही. स्वस्तात मिळालेली गाडी पोटाला मात्र महागड्या गाडीचंच मागते. हिशेब इथे चुकतो.

खुद्द स्पेन्सर किंग यांनीही म्हातारपणी शहरात मिरवण्यासाठी अशा गाड्या वापरणाऱ्यांवर उघड टीका केली होती. त्यांनी गाडी बनवली होती कामासाठी. २००८ मध्ये टाटांनी फोर्डकडून ही कंपनी विकत घेतली, आणि २०२४ पासून रेंज रोव्हर पुण्यात जुळवली जाऊ लागली. म्हणजे आणखी पंधरा-वीस वर्षांनी आपल्याच रस्त्यांवर म्हाताऱ्या रेंज रोव्हर आजच्याहून जास्त असतील आणि हा प्रश्नही जास्त वेळा विचारला जाईल.

विचारणाऱ्याला मी उलट तीन प्रश्न विचारतो. तुमच्या गावापासून दिवसाभराच्या अंतरात या गाडीचं इलेक्ट्रॉनिक्स समजणारा मिस्त्री आहे का? गाडीच्या किमतीच्या निम्मी रक्कम पहिल्या दोन वर्षांच्या कामासाठी बाजूला ठेवता येईल का? आणि आठवड्यातून एक सकाळ तुम्ही स्वतः तिच्याखाली वाकून बघाल का? पहिल्या दोन प्रश्नांना बहुतेक जण पटकन हो म्हणतात. तिसऱ्याला जो थांबून विचार करतो, त्याला मी म्हणतो, जा, एकदा बघून तरी या. मॅट उचलायला विसरू नका.