कऱ्हाकाठची गल्ली, साल 1780

पहिली पाळी सुटली आहे. बारामती एमआयडीसीत पियाजिओच्या फाटकासमोर तुम्ही उभे आहात. कंपनीच्या बसगाड्या वळण घेतायत, नव्याकोऱ्या तीनचाकी रांगेने बाहेर पडतायत. तुमच्या हातात पटकथेचं एक पान आहे आणि त्यावर एवढंच लिहिलंय: गल्ली, सकाळ, बारामती, 1780. मोरोपंतांची बारामती. कलादिग्दर्शनाचं काम तुमच्याकडे आलंय, असं धरून चला.

भिगवण रस्त्याने गावाकडे निघा. जुना काळ उभा करायचा म्हणजे प्लायवूड, पीओपी आणि रंगाचे डबे मागवायचे, असं नव्या माणसाला वाटतं. ते सगळं नंतर. आधी पुसायला लागतं. एमआयडीसी पुसा. विजेचे खांब, मोबाइलचे टॉवर, डांबर पुसा. रस्त्याकडेचं गाजर गवत उपटा; ते आपल्याकडे 1950 च्या दशकात आलं. सुबाभूळ तोडा. गुलमोहर कितीही देखणा असला तरी तो मूळचा मादागास्करचा, एकोणिसाव्या शतकात इकडे आलेला. मोरोपंतांनी तो पाहिलेला नाही.

आता ऊस. इथे जरा थांबा, कारण ऐतिहासिक चित्रपट सर्वांत जास्त इथेच फसतात. बारामती-इंदापूर म्हटलं की डोळ्यांपुढे हिरवंगार शिवार येतं. पण ते हिरवेपण नीरा डाव्या कालव्याचं आहे, आणि 1876-77 च्या दुष्काळानंतर खोदलेल्या या कालव्याला पाणी आलं ते 1880 च्या दशकात. तुमच्या गोष्टीच्या काळात त्याला अजून शंभर वर्षं अवकाश आहे. कालवा काढला की उसाचे फड जातात, कारखान्यांची धुराडी जातात, आणि मागे उरतो तो माळ: ज्वारी, बाजरी, बाभळी, मेंढरं, क्षितिजापर्यंत उघडं आभाळ. पलीकडे इंदापूर तालुक्यात उजनीचा जलाशयही नाही. पळसदेवचं देऊळ कोरड्या जमिनीवर आहे, भोवती गाव नांदतंय. कॅमेरा गल्लीच्या टोकाशी वळला आणि मागे उसाचा तुरा डोलताना दिसला, तर सेटवरचा सगळा खर्च वाया गेला म्हणून समजा.

आता गावात या. कऱ्हेच्या अंगाने आत शिरा आणि मान वर करा. मंगलोरी कौलं उतरवा, त्यांचे कारखाने 1865 च्या सुमाराला सुरू झाले. पत्रे काढा. घरांवर मातीची माळवदं येऊ द्या. खिडक्यांच्या काचा काढा. दुकानांच्या पाट्या उतरवा. दिवाणखान्यातल्या भिंतीवर रविवर्म्याची लक्ष्मी टांगायचा मोह होईल. ती छापणारा छापखाना 1894 चा आहे. कोपऱ्यात कंदील ठेवू नका, रॉकेल यायला अजून बराच काळ आहे. समई, दिवटी आणि करडईचं तेल. काडेपेटी नाही, चकमक आहे. घाटावर धुणं वाळत घालायचं असेल तर राणी रंगाचं लुगडं तेवढं नको. तसला भडक रंग रसायनाचा, 1856 नंतरचा. चहा तर कुणाच्याच घरी नाही.

एवढं सगळं गेल्यावर ती गल्ली अचानक जिवंत होते. पायाखाली धूळ आहे, आणि ती गरम आहे. गोवऱ्यांचा धूर माळवदांवरून सरकतोय. भिंतीपलीकडे जातं फिरतंय, दोन बायका आळीपाळीने ओवी धरतायत. समोर नाइकांच्या वाड्याचा तट. बाळाजी विश्वनाथांची मुलगी भिऊबाई या नाइकांच्या घरात दिलेली; त्यामुळे पुण्याचा जासूद इथे नवीन नाही. त्याच नाइकांच्या आश्रयाने एक पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ इथे राहतात. ओट्यापलीकडे ते बसलेत, पुढ्यात बोरू आणि दऊत. महाभारत आर्यांत उतरवणारे मोरोपंत. हीच बारामती द्वादशमती म्हणून श्रीधरस्वामींच्या शिवलीलामृतात आली आहे. तो ग्रंथ इथे पुरा झाला शके 1640 मध्ये, म्हणजे 1718-19 साली. तुम्ही उभे आहात त्या दिवशी त्यालाही साठ वर्षं उलटून गेलीत. 'कोण गाव, पाव्हणं?' ओट्यावरचा म्हातारा विचारतो. एमआयडीसी म्हणून सांगता येत नाही. तुम्ही 'सासवड' म्हणता. त्याला पटतं, कारण सासवडही कऱ्हेवरच आहे.

सासवडलाच चला. मोरगाव, जेजुरी करत नदीच्या वरच्या अंगाला. बुरुजांचा दरवाजा असलेला पुरंदऱ्यांचा वाडा तुम्ही पडद्यावर पाहिला आहे, कदाचित नाव माहीत नसताना. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'मध्ये तो पावसात भिजत उभा आहे. 1918, 1933 आणि 1947 अशा तीन काळांत घडणारा हा चित्रपट 12 ऑक्टोबर 2018 ला प्रदर्शित झाला, आणि त्याआधी त्याच्यासाठी अनेक पावसाळे चित्रीकरण चाललं होतं. खऱ्या पावसासाठी थांबण्याची ही चिकाटी मला फार मोठी वाटते. त्या दगडांवरची ओल, भेगांतलं गवत, काळवंडलेलं लाकूड: असं जुनेपण पीओपीला आणता येत नाही.

सेटची कला कमी आहे, असं मुळीच नाही. 1936 च्या 'संत तुकाराम'मधलं देहू फत्तेलाल यांच्या नजरेतून प्रभातच्या पुण्यातल्या स्टुडिओत उभं राहिलं, आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवाने त्या चित्रपटाला मान दिला. खुद्द सासवडच्या आचार्य अत्र्यांनी 1954 मध्ये 'महात्मा फुले' काढला, तेव्हा एकोणिसाव्या शतकातलं पुणं उभं करण्याचं आव्हान त्यांच्यापुढेही होतंच. 2019 च्या 'पानिपत'साठी नितीन देसाई यांनी कर्जतला शनिवारवाडा उभारला. तो उभारावाच लागला, कारण खऱ्या वाड्याच्या आतल्या इमारती 1828 च्या आगीत गेल्या. तट आणि जोती तेवढी उरली.

आजच्या गल्लीत चित्रीकरण करायचं झालं तर काय करावं लागतं, तेही बघून घ्या. काँक्रीटवर ट्रकने माती ओततात. शटरपुढे लाकडी दरवाज्याच्या चौकटी उभ्या करतात. कपडे चहाच्या पाण्यात बुडवून मळवतात. वायरी उतरवतात, नाहीतर संगणकावर एकेक करून पुसतात. हे करणारे सुतार, मोल्डर, पेंटर, सेटिंगची मुलं एखाद्या खऱ्या दरवाज्यापुढे किती वेळ उभी राहतात, ते पाहण्यासारखं असतं. ती खुंटी मोजतात, उंबऱ्याची झीज हाताने चाचपतात. कारण खुंटी नेमकी किती लांब, उंबरा कुठल्या बाजूला झिजलेला, हे कुठल्याही ग्रंथात सापडत नाही. ते फक्त त्या दरवाज्यावर असतं. आणि तसे दरवाजे दरवर्षी भंगाराच्या टेम्पोतून जातायत.

वाडा पाडायचाच नाही, असं मी कुणाला सांगणार नाही. वाटण्या होतात, वासे कुजतात, दुरुस्ती झेपत नाही. आत राहणाऱ्याचा त्रास बाहेरच्याने शिकवू नये. पण बारामतीत, इंदापुरात, सासवडला, जिथे कुठे तुमचं असं जुनं घर असेल, तिथे घण पडण्याआधी एक दिवस काढा. टेप लावून ओट्याची, दाराची, खणांची मापं घ्या. प्रत्येक खोलीचे आणि छताचे फोटो काढा. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारा, की दिवा कुठल्या कोनाड्यात लागायचा, पाणी कुठून यायचं, पावसाळ्यात चूल कुठे हलवायची. हे सगळं लिहून त्याची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा.