कोल्हापूरची वसतिगृहे आणि शाळकरी वय

खेड्यातून शिकायला आलेल्या किशोरवयीन मुलांना शहरात आधार देण्याची कोल्हापूरची परंपरा वसतिगृहांतून घडली. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने 1901 मध्ये मराठा आणि जैन बोर्डिंग उभी राहिली. पुढे मुस्लिम, लिंगायत अशा समाजांचीही वसतिगृहे निघाली. अस्पृश्य मुलांसाठीचे मिस क्लार्क बोर्डिंग 1908 चे. घर सोडून आलेल्या मुलाला इथे निवारा आणि जेवणाबरोबर अभ्यासाची शिस्त मिळे, चार समवयस्कांची सोबतही मिळे. मात्र बोर्डिंगे जातवार होती, ही मर्यादा मोठीच. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाहून परतल्यावर अंघोळ करून शुद्ध व्हायला जैन बोर्डिंगमध्ये राहणाऱ्या भाऊराव पाटलांनी नकार दिला, म्हणून त्यांना ते बोर्डिंग सोडावे लागले. त्याच भाऊरावांनी पुढे साताऱ्यातल्या आपल्या वसतिगृहात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवले. मुले पाळीपाळीने स्वयंपाक करत, शेतात राबत. श्रम आणि सहजीवन हाच तिथला मोठा धडा होता.

निवारा आणि शिस्त अशी लवकर मिळाली, तरी या वयातल्या मुलांच्या मनातल्या घालमेलीवर वर्गात उघड बोलणे मात्र फार उशिरा आले. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात, 2020 पासून, दर शाळेतील दोन शिक्षकांना, शक्यतो एक महिला व एक पुरुष, यासाठी प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे.