आरोग्य माहितीशास्त्राची पदे (सार्वजनिक रुग्णालये)

रुग्णाची माहिती नोंदवणे, आजारांना प्रमाणित संकेत देणे, ती सुरक्षित राखणे आणि उपचार व नियोजन या दोन्हींसाठी उपयोगी करणे, या कामांसाठी रुग्णालयाच्या आकृतिबंधात मंजूर केलेली स्वतंत्र पदे. संकेतन करणारे अभिलेख कर्मचारी, आकडेवारीचे विश्लेषक, माहितीसुरक्षा अधिकारी आणि वैद्यक व संगणक दोन्ही जाणणारे तज्ज्ञ त्यांत येतात. बंद पडलेला संगणक सुरू करणे किंवा केसपेपर टाइप करणे हे या पदांचे काम नव्हे. भारतात इलेक्ट्रॉनिक आरोग्यनोंदींची मानके २०१३ मध्ये जाहीर झाली व २०१६ मध्ये सुधारली गेली. त्यांसाठीचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. आयुष्मान भारत डिजिटल अभियान २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. मानके आली, सॉफ्टवेअर आले. पण ते रुग्णालयात रुजवणाऱ्या माणसांची पदे मंजूर करण्यात तेवढी तत्परता दिसली नाही, आणि खरी उणीव तीच आहे.

मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला पाहिला की ही उणीव कळते. रात्रपाळीचा निवासी डॉक्टर घाईत ‘हृदयक्रिया व श्वसन बंद पडले’ असे लिहितो. हा तर प्रत्येक मृत्यूचा शेवटचा टप्पा. मूळ कारण मधुमेहाने निकामी झालेली मूत्रपिंडे असू शकते. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात मूळ कारण निवडण्याचे काटेकोर नियम आहेत. ते जाणणारा कर्मचारी रुग्णालयातच असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरला गाठून दाखला पूर्ण करून घेईल. कागद एकदा रेकॉर्ड रूममध्ये गेला की ते कारण सहसा कायमचे हरवते. मग मधुमेहाचे मृत्यू आकडेवारीत कमी दिसतात आणि डायलिसिस यंत्रांची मागणी कशाच्या आधारावर करायची, हा प्रश्न उरतो.

डॉक्टर-परिचारिकांचीच पदे रिकामी असताना ही नवी पदे कशाला, हा आक्षेप रास्त आहे. पण पद नसले म्हणून काम टळत नाही. ते परिचारिकेच्या माथी येते, एकाच रुग्णाची माहिती ती निरनिराळ्या रजिस्टरांत लिहीत बसते आणि तेवढा वेळ खाटेजवळ कमी पडतो. शुश्रूषेची रिक्त पदे भरलीच पाहिजेत. माहितीचे काम वेगळ्या माणसाकडे सोपवल्यास भरलेल्या पदांचाही पुरा उपयोग होतो.

दुसरा आक्षेप असा, की कंत्राटदार नेमला म्हणजे झाले. प्रणाली बांधण्यासाठी तो जरूर नेमावा. मात्र डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ नुसार माहितीवरील प्रक्रिया दुसऱ्याकडून करून घेतली तरी जबाबदारी मूळ संस्थेचीच राहते. कोणता अहवाल कोणाला दिसावा, हा निर्णय कंत्राटावर सोडता येत नाही. दिल्लीच्या एम्सवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी खंडणीखोर सायबर हल्ला झाला, तेव्हा नोंदणीपासून अहवालांपर्यंतची कामे अनेक दिवस हाताने करावी लागली. संगणकजाळ्याची योग्य विभागणी नव्हती, असे सरकारने पुढे संसदेत सांगितले. अशा त्रुटीवर रोज लक्ष ठेवणारा, उत्तरदायी माणूस जिल्हा रुग्णालयातही लागतो.

परदेशांचा अनुभवही याच दिशेचा आहे. इंग्लंडने २००२ मध्ये हाती घेतलेला रुग्णालय-संगणकीकरणाचा अवाढव्य कार्यक्रम २०११ मध्ये गुंडाळला. नंतर तिथल्याच रुग्णालय-संगणकीकरणाचा आढावा घेणाऱ्या वॉक्टर समितीने २०१६ च्या अहवालात माहितीशास्त्रात प्रशिक्षित डॉक्टर फार थोडे असल्याचे नमूद करून त्यांची संख्या वाढवण्यावर भर दिला. अमेरिकेत चिकित्सा-माहितीशास्त्राला २०११ मध्ये वैद्यकाची उपशाखा म्हणून मान्यता मिळाली.

प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात तज्ज्ञ नेमणे परवडणार नाही; त्याची गरजही नाही. जिल्ह्यासाठी एक तज्ज्ञ, मोठ्या रुग्णालयांत संकेतनाचे कर्मचारी आणि सध्याच्या अभिलेख कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. सेवाप्रवेश नियमांत पदोन्नतीची वाट मात्र हवी. ती नसेल तर शिकून तयार झालेली माणसे खासगी रुग्णालयांकडे वळतील आणि मंजूर पदे पुन्हा रिकामी पडतील.